दोघांत एक रीडर

जहाजावर त्याला कानसेन म्हणत. पंप कुरकुरायला लागला की बाकीचे मेकॅनिक आधी मीटर बघायचे. हा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. अर्ध्या मिनिटात निदान तयार. "आतली कडी झिजलीय. आठवडाभर चालेल, पुढचं सांगत नाही." पंप उघडला की कडी झिजलेलीच निघायची. चौदा वर्षांच्या नोकरीत त्याचं निदान दोनदा चुकलं होतं, आणि ती दोन्ही निदानं त्याला तारखेसकट आठवत होती.

अशा माणसाला वरची श्रेणी केव्हाच मिळायला हवी होती. ती मिळत नव्हती, कारण तिच्यासाठी दोन तासांची लेखी परीक्षा होती आणि कानसेनला वाचता येत नव्हतं. म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. आकडे, पाट्या, वर्तमानपत्रातले मथळे, यंत्राच्या आकृत्या, हे सगळं तो वाचायचा. पण छापील मजकुराचं अख्खं पान समोर आलं की ओळी एकमेकींत घुसायच्या. तिसऱ्या ओळीतून तो पाचवीत कधी उतरला ते त्यालाच कळायचं नाही. शाळेत याला आळस म्हणाले, घरी हट्ट म्हणाले, आणि आठवीनंतर त्याला एका गॅरेजात चिकटवून दिलं. नौदलात तो आला तेव्हा भरतीत हाताच्या कामाची चाचणी होती आणि तोंडी प्रश्न होते. दोन्हींत तो पहिला आला होता.

पुढचं सगळं त्याने निभावून नेलं. सूचना आली की म्हणायचा, "हात तेलकट आहेत, तूच वाच रे." घरी बायको होती. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. डॉक्टरांचं अक्षर लागणाऱ्या बाईला नवऱ्याची अडचण लागायला कितीसा वेळ लागणार! लग्नानंतर पंधरा दिवसांत तिने ओळखलं, आणि त्यानंतर घरातला प्रत्येक अर्ज, पत्र, मुलीचं प्रगतिपुस्तक तिने मोठ्याने वाचायची पद्धत पाडून टाकली. मुलीला वाटे, सगळ्याच घरांत असंच वाचतात.

परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. दोन्ही वेळा पेपर अर्धाच झाला. आता तिसरी संधी, आणि नियमाप्रमाणे शेवटची. ती गेली की पंधरा वर्षं भरल्यावर नोकरी संपणार, आणि नोकरीबरोबर सरकारी घरही. मुलगी सातवीत होती.

या वेळी बायकोने कंबर कसली. यंत्रांची सगळी नियमावली तिने रोज जेवणानंतर मोठ्याने वाचून त्याच्या फोनवर रेकॉर्ड केली. एकूण सदतीस रेकॉर्डिंग्ज. काहींत मागे कुकरची शिट्टी होती, एकात मुलीचं "आई, माझी वही कुठाय?" होतं. सव्वातीन महिन्यांची सफर होती आणि सफर संपताच परीक्षा. बंकवर पडून, कानात घालून रोज ऐकायचं, असा बेत होता.

तो बेत निघायच्या दिवशी सकाळी दहा वाजता मोडला. नवा हुकूम आला होता: ज्या वस्तूत कॅमेरा, मायक्रोफोन किंवा वायरलेस आहे ती जवळ ठेवून समुद्रात जायचं नाही. फोन, मनगटी घड्याळं, कानातली बोंडं, सगळं जमा. भांडारातला कारकून कप्प्यांचं लोखंडी कपाट उघडून बसला होता. एकेक फोन पिशवीत घालायचा, नंबर लावायचा आणि कप्प्यात ढकलायचा. कानसेनचा फोन एकशे अठरा नंबरला गेला.

"यातलं नुसतं रेकॉर्डिंग ऐकलं तर?" त्याने विचारून बघितलं.

"कोणाचं रेकॉर्डिंग?"

"बायकोचं."

मागच्या रांगेत हशा पिकला. "तीन महिने तेवढीच शांतता मिळते," मागून कोणी तरी म्हणालं, "आणि हा ती पण सोबत घेऊन निघालाय!"

कानसेनही हसला. काय रेकॉर्ड केलंय ते सांगायची सोय नव्हती.

फोनच्या बदल्यात जहाजाने ई-रीडर दिले. करड्या रंगाचे, वहीपेक्षा लहान. किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक रीडर उघडून आतली वायरलेसची चिप काढून टाकली होती, आणि पाठीवर तसं लेबल चिकटवून तंत्रज्ञाने सही केली होती. त्यात कॅमेरा नव्हता, आवाजही नव्हता. चारशे पुस्तकं आधीच भरलेली होती, नवीन एकही घालता येत नव्हतं. कथा-कादंबऱ्या होत्या, प्रवासवर्णनं होती, आणि परीक्षेची नियमावलीही होती. पण माणसं होती एकशे साठ आणि रीडर ऐंशी. म्हणून कारकुनाने उलट्या पाळ्यांच्या माणसांच्या जोड्या लावल्या. एक कामावर असताना दुसऱ्याने वाचायचं, आणि पाळी बदलताना रीडर मेसच्या दाराजवळच्या खणात ठेवायचा.

कानसेनच्या वाट्याला बेकरीताई आली.

ती जहाजाची पाववाली होती. वय अठ्ठेचाळीस, नोकरी सव्वीस वर्षं, आवाज असा की इंजिन चालू असतानाही दोन मजले खाली ऐकू यावा. एकशे साठ माणसांचा पाव ती आणि एक मदतनीस करत. पहाटे भट्टी पेटायची, साडेसहाला शेवटचा घाणा निघायचा. मग ती चहा घेऊन खणातला रीडर उचलायची आणि दुपारपर्यंत रहस्यकथा वाचायची. संध्याकाळी तो कानसेनचा.

परीक्षेला बसणारे एकूण नऊ जण होते. त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी सात ते आठ मेसमध्ये वाचनाचा तास ठरला. सगळे एका टेबलाभोवती, प्रत्येकाच्या हातात रीडर. पहिल्या दिवशी कानसेनने रीडर उघडला तर समोर बेकरीताईची कादंबरी. नियमावली शोधायची तर चारशे नावांची यादी वाचायची, तीही शेजारी माणूस बसलेला असताना. त्याने यादी उघडलीच नाही. समोर आहे ते असू दे म्हणाला आणि पानाकडे बघत बसला.

बघत बसलं तरी पान उलटावं लागतं. किती वेळाने उलटायचं याचा अंदाज नव्हता, म्हणून त्याने शेजाऱ्याच्या अंगठ्यावर नजर ठेवली. त्याने बटण दाबलं की यानेही दाबायचं. दोन दिवस हे बेमालूम चाललं. बेकरीताईला सकाळी आपलं पान तीसचाळीस पानं पुढे गेलेलं सापडायचं. यंत्राच्या नावाने बोटं मोडून ती मागे यायची.

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याने अभ्यासाला कंटाळून विनोदांचं पुस्तक उघडलं. पानाला चार ओळी. त्याचा अंगठा टपटप चालायला लागला आणि कानसेनचा त्याच्या मागोमाग. आठ वाजायच्या आत कादंबरी संपली. कानसेनने रीडर बंद करून खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मेस भरलेली असताना बेकरीताई पीठ लागलेल्या हातांनीच आत आली. एका हातात रीडर.

"माझा जोडीदार कोण आहे? हात वर कर."

कानसेनने हात वर केला.

"एकशे चाळिसाव्या पानावर ठेवून गेले होते मी. उघडलं तर तीनशे बारा! शेवटचं पान! खुनी बेड्या घालून उभा माझ्यासमोर! तीन दिवस मी पीठ मळता मळता विचार करतेय कोणी मारलं असेल म्हणून, आणि तू एका तासात पावणेदोनशे पानं उडवलीस?"

"मी जरा भरभर वाचतो, ताई," कानसेन म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"भरभर?" ती टेबलावर ओणवी झाली. "मग सांग. खून कोणी केला?"

मेसमध्ये चमचे थांबले. परीक्षेचे आठही जण बघत होते, आणि इंजिनरूमचा मुख्य अधिकारी कोपऱ्यात चहा पीत होता. कानसेनला पानांवरचं काहीच आठवत नव्हतं. मध्ये कुठे तरी 'डॉक्टर' हा शब्द दिसला होता, आणि दवाखान्याच्या पाटीमुळे तो शब्द त्याच्या ओळखीचा होता.

"डॉक्टरने," तो म्हणाला.

बेकरीताई त्याच्याकडे बघत राहिली. दोन श्वास जातील एवढा वेळ, जास्त नाही.

"बरोबर," ती म्हणाली. "सगळी मजा घालवलीस मेल्या." आणि रीडर काखेत मारून निघून गेली. सगळे हसले, चमचे पुन्हा वाजायला लागले.

तासाभराने मदतनीस निरोप घेऊन आला: ताईंनी बेकरीत बोलावलंय, भट्टीचा पंखा आवाज करतोय. कानसेन स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला. पंख्याला काहीही झालं नव्हतं. ताईने मदतनिसाला पिठाची पोती मोजायला पाठवलं आणि दार लोटलं.

"डॉक्टर पहिल्याच प्रकरणात मेला," ती म्हणाली. "प्रेत त्याचंच आहे."

कानसेनने स्क्रूड्रायव्हर ओट्यावर ठेवला.

"वाचता येत नाही?"

"येतं. पण ओळी हलतात."

"घरी माहीत आहे?"

"बायकोला." मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर म्हणून, त्याने सगळं सांगितलं. सदतीस रेकॉर्डिंग्ज, एकशे अठरा नंबरचा कप्पा, आठवड्याआठवड्याने जवळ सरकणारी परीक्षा. "फोन मिळाला असता तर निभावलं असतं," तो म्हणाला. "आता गेलंच म्हणायचं."

ताई ट्रे पुसत होती. "मला एक सांग. पंपाचं पाणी तुटलं तर काय करायचं?"

त्याने सांगितलं. अथपासून इतिपर्यंत, एकदाही न अडखळता.

"आणि इंजिन तापलं तर?"

तेही सांगितलं.

"मग बायकोकडून ऐकून काय करणार होतास? उत्तरं येतातच की तुला. अरे, तुला प्रश्न येत नाहीत. ते तिथे वाचून दाखवायला कोण येणार आहे?"

हे इतकं सरळ होतं की दोनदा नापास होऊनही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. बायकोच्याही नाही. तो भट्टीजवळच्या पोत्यावर बसला. फोन मिळाला असता तर तीन महिने छान ऐकलं असतं आणि पेपर तिसऱ्यांदा अर्धा राहिला असता.

ताईने रीडर त्याच्या हातात दिला. नियमावली तिने आधीच उघडून ठेवली होती आणि अक्षराचा आकार वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेला होता. नऊ नंबर. पडद्यावर पाच ओळी, एका ओळीत दोन किंवा तीन शब्द.

"यात हलतात?"

त्याने बघितलं. पाच ओळींना हलायला जागाच नव्हती. "नाही," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला जरा चमत्कारिक वाटला.

"माझी मोठी भाची. तिलाही असंच व्हायचं," ताई म्हणाली. "आता शिकवते शाळेत. उद्यापासून सहाला यायचं. पाव बावीस मिनिटं भट्टीत असतो, तेवढा वेळ मी मोकळी."

असं ते सुरू झालं. कानसेनची पाळी सकाळी आठला सुरू व्हायची. त्याआधी येऊन तो बेकरीत पोत्यावर बसायचा आणि ताई भट्टीचं दार लावून म्हणायची, "हं." तो मोठ्याने वाचायचा. ताईला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तेच बरं होतं. शब्द चुकला की वाक्याचा अर्थ लागायचा नाही आणि ती लगेच थांबवायची. "झडप बंद 'करून' की 'न करता'? नीट बघ. तुझ्या या एका शब्दाने आपण सगळे बुडू." संध्याकाळच्या तासाला तो अडलेल्या शब्दांवर बोट दाबून खूण करून ठेवायचा. सकाळी तिला त्या करड्या पट्ट्या दिसायच्या. पहिल्या आठवड्यात पान पट्ट्यांनी भरून गेलं होतं.

मेसच्या टेबलावर कोणालाही काही कळलं नाही. कागदी पुस्तक एवढ्या मोठ्या अक्षरात असतं तर ते लहान मुलांचं म्हणून दुरूनच दिसलं असतं. रीडर सगळ्यांचे सारखेच. ज्याचा त्याचा पडदा ज्याच्या त्याच्याकडे.

दर रविवारी ताई अक्षराचा आकार एकाने कमी करायची. नऊ, आठ, सात. सहाला तो अडखळला, पण निघाला. पेपर ज्या अक्षरात छापतात ते तीन नंबरच्या जवळपासचं असतं, हे कारकुनाकडे जुनी प्रश्नपत्रिका मागून ताईने ठरवलं होतं. कारकुनाने विचारलं, तुम्ही कशाला बसताय परीक्षेला? ती म्हणाली, पावाचं इंजिन चालवायचंय.

चार नंबरला सगळं कोसळलं. ओळी पुन्हा घुसायला लागल्या. तीन दिवस तो बावीस मिनिटांत अर्ध्या पानापुढे गेला नाही. चौथ्या दिवशी त्याने रीडर पिठाच्या ओट्यावर ठेवला.

"राहू द्या ताई. पाचपर्यंतच आहे माझ्यात."

"पेपर पाचात छापायला सांगू का? माझी ओळख आहे?"

"चेष्टा नका करू."

"मग रडगाणं नको गाऊस. गरम ट्रे आहे, बाजूला हो." तिने पाव काढले, ओट्यावर उपडे केले, मग यीस्टचं रिकामं खोकं घेऊन त्याच्या पुठ्ठ्यातून वीतभर पट्टी कापली. तिच्या मधोमध सुरीने एक फट पाडली, एक ओळ दिसेल एवढी. पट्टी पडद्यावर ठेवली. "वाच."

एकच ओळ दिसत होती. बाकीच्या पुठ्ठ्याखाली होत्या. त्याने ती वाचली, पट्टी खाली सरकवली, पुढची वाचली. पाव निवेपर्यंत पान संपलं.

"परीक्षेत पट्टी चालेल का?" त्याने विचारलं.

"ते तू विचारायचंस. सगळंच मी करू?"

विचारायचं म्हणजे सांगायचं. चौदा वर्षं जे झाकलं ते बाकीच्या आठ जणांच्या देखत उघड करायचं. उरलेले तीन आठवडे कानसेनला अभ्यासापेक्षा याचीच धास्ती जास्त होती.

परीक्षा बंदरातल्या एका हॉलमध्ये होती. देखरेखीला बाहेरचा अधिकारी आला होता, चष्मा कपाळावर, हातात शिट्टी. त्याने टेबलावर पेनाखेरीज काही ठेवायचं नाही असं सांगितलं. कानसेन उभा राहिला.

"साहेब, ही पट्टी ठेवायची आहे."

"कसली?"

"पुठ्ठ्याची. मला ओळी एकमेकींत दिसतात. ही ठेवली की वाचता येतं." हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. मागून कोणी तरी हळूच म्हणालं, "अरे कानसेन?" त्याने मागे बघितलं नाही.

अधिकाऱ्याने पट्टी घेतली. या बाजूने बघितली, त्या बाजूने बघितली, उजेडासमोर धरली, वासही घेतला. "यीस्टचा वास येतोय."

"हो साहेब."

"काही लिहिलेलं नाही. ठेवा." आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. एवढंच. चौदा वर्षांचं प्रकरण पाऊण मिनिटात मिटलं. कानसेन खाली बसला आणि पट्टी टेबलाच्या कडेला सरळ लावून प्रश्नपत्रिकेची वाट बघू लागला.

पेपर एकूण पन्नास प्रश्नांचा. बहुतेकांना खुणा करायच्या, काहींना आकृत्या काढायच्या. तो एकेका ओळीने खाली उतरत गेला. शिट्टी वाजली तेव्हा तो सत्तेचाळिसाव्या प्रश्नावर होता. तीन राहिले. आधीच्या दोन्ही वेळा पंचविसाच्या पुढे तो कधी गेलाच नव्हता.

बाहेर आल्यावर विनोदांचं पुस्तक वाचणारा तो शेजारी त्याच्या बरोबरीने चालायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी पावणेदोनशे पानं..."

"तुझ्या अंगठ्याबरोबर."

शेजारी रस्त्यात उभा राहून इतका हसला की लोक वळून बघायला लागले. त्याचा हात कानसेनच्या खांद्यावर होता. बोटीपर्यंत हात तिथेच राहिला.

निकाल लागला तेव्हा जहाज पुढच्या सफरीवर होतं. यादी नोटीस बोर्डावर लागली आणि सगळे तिकडे धावले. कारकून गर्दीतून वळून ओरडणार तोच कानसेन म्हणाला, "थांबा. सांगू नका." सगळ्या ताफ्यातली चौऱ्याऐंशी नावं होती, गुणांच्या क्रमाने. त्याने खिशातून पट्टी काढली, बोर्डावर धरली आणि वरून सुरुवात केली. लोक वाट देऊन उभे राहिले. कोणी घाई केली नाही. एकसष्टाव्या ओळीत तो स्वतःला सापडला, 'उत्तीर्ण' या शब्दासकट. तो शब्द त्याने पुन्हा एकदा वाचला.

बेकरीत ताई पिठात कोपरापर्यंत होती.

"एकसष्टावा," तो म्हणाला. "पास."

"कोणी सांगितलं?"

"मी वाचलं."

ती पीठ मळत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "हात धू आणि तो ट्रे उचल. मदतनीस आज आजारी आहे." त्या दिवशी कानसेनने एकशे साठ माणसांचे पाव भट्टीतून काढले, आणि दोन बोटं भाजून घेतली. आभार कसे मानायचे ते त्याने मनात चार प्रकारे जुळवलं होतं. त्यातला एकही प्रकार तोंडाबाहेर पडला नाही. ताईला ते चाललं.

नऊ दिवसांनी बंदर आलं. या सफरीतही त्याला मिळालेली एकशे अठरा नंबरची पिशवी हातात पडली. सदतीस रेकॉर्डिंग्ज तशीच होती, मधल्या मुक्कामातही एकही न ऐकलेलं. आधी त्याने पहिलं लावलं आणि धक्क्यावर उभं राहून थोडं ऐकलं. बायको घसा खाकरून 'प्रकरण पहिलं' म्हणत होती. मग त्याने तिला फोन लावला.

टपालात आलेलं निकालाचं पत्र त्याने तिला अख्खं वाचून दाखवलं. वरच्या क्रमांकापासून खालच्या सहीच्या हुद्द्यापर्यंत, एकेक ओळ सरकवत. पलीकडे दुकानात गिऱ्हाईक असावं, कारण कोणी तरी गोळ्या मागत होतं आणि ती त्यांना "एक मिनिट, एक मिनिट" करत होती.

वाचून झालं.

"ऐकलंस ना?" त्याने विचारलं. "तुझी रेकॉर्डिंग्ज मात्र तशीच राहिली. महिनाभर घसा फोडलास. आता ऐकीन सगळी. सवडीने."

"ते राहू द्या हो," ती म्हणाली. नाक ओढल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं. मग तिचा काउंटरवरचा आवाज परत आला. "पुढच्या महिन्यात मुलीच्या शाळेत पालकांची सभा आहे. दोन पानी सूचना आलीय. ती तुम्ही वाचायची, सभेला तुम्ही जायचं, आणि बाई काय म्हणाल्या ते लिहून आणायचं. तेरा वर्षं मी केलं. मी सुटले."

"जातो," कानसेन म्हणाला. "सूचना असू दे तशीच. कोणाला वाचायला देऊ नकोस."